वेताळाच्या जंगलात बाई कुठे आहे?

'द फँटम' हा चित्रपट आपल्या मुलींना दाखवावा, कारण त्यातल्या बायका शूर आहेत, असं म्हणणाऱ्या मैत्रिणींशी मला भांडायचं आहे. भांडण घरातलं आहे. या मैत्रिणी माझ्याबरोबरच गावोगाव फिरतात, बैठका घेतात, पोलीस ठाण्याच्या पायऱ्या झिजवतात. पण किशोरी शिबिरासाठी चित्रपट निवडताना त्यांनी जी कारणं दिली ती मला पटली नाहीत. शिवाय ही कारणं आमच्यापुरती नाहीत. 'सशक्त स्त्री-पात्र' दिसलं की चित्रपट आपल्या बाजूचा, असं गणित चळवळीत सर्रास मांडलं जातं. म्हणून हा वाद इथे, सगळ्यांसमोर.

कारणं तीन होती. पहिलं, चित्रपटातल्या दोन्ही प्रमुख बायका धीट आहेत. दुसरं, त्यात बलात्कार नाही, ओंगळ नाच नाही, रक्ताचे पाट नाहीत. तिसरं, कथा जंगलात घडते, त्यामुळे मोहर्लीच्या मुलींना ती आपली वाटेल. पहिली दोन कारणं खरी आहेत. तिसरं ऐकून मात्र मला गप्प बसवेना. मोहर्ली हे चंद्रपूर जिल्ह्यात, भद्रावती तालुक्यात, ताडोबाच्या वेशीवरचं गाव आहे. इथल्या मुलींना जंगल पडद्यावर बघावं लागत नाही. मग पडद्यावरचं हे जंगल त्यांना आपलं का वाटावं? त्यात त्यांच्यासारखं कोण आहे?

ओळखीचा जांभळा माणूस

हा हॉलिवूडचा चित्रपट १९९६ साली आला. दिग्दर्शक सायमन विन्सर, नायक बिली झेन. नावं परकी वाटली तरी नायक आपल्या ओळखीचा आहे. अंगाला चिकटलेला जांभळा पोशाख, डोळ्यांवर काळी पट्टी, बोटात कवटीची अंगठी, पांढरा घोडा आणि सोबतीला लांडगा. इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ तो हाच. ली फॉक या अमेरिकन लेखकाने १७ फेब्रुवारी १९३६ पासून वर्तमानपत्रातल्या चित्रमालिकेत त्याची कथा सांगायला सुरुवात केली. मार्च १९६४ मध्ये टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशनगृहाने आपल्याकडे इंद्रजाल कॉमिक्स सुरू केलं आणि पहिल्याच अंकात त्याला आणलं. १९९० मध्ये ते बंद पडेपर्यंत मराठीसह अनेक भाषांतल्या मुलांनी हे अंक फाटेस्तोवर वाचले. मूळ कथेतल्या देशाचं नाव 'बंगाल'च्या फार जवळ जात होतं, म्हणून आपल्याकडे त्याचं 'डेंकाली' झालं. नायकाचं नावही बदललं. इंग्रजीतल्या 'फँटम'चा आपल्या भाषेत 'वेताळ' झाला.

या नामकरणाकडे जरा नीट पाहायला हवं. वेताळ हा आपल्याकडचा फार जुना रहिवासी. कोकणात आणि गोव्यात तो गावाचा राखणदार आहे, गोव्यात त्याच्या दगडी मूर्ती आहेत, पुण्यात त्याच्या नावाची टेकडी आहे. वेताळ पंचविशीतला वेताळ तर राजाच्या खांद्यावर बसून त्याला कोड्यात टाकतो. त्या कोड्यांतली कितीतरी कोडी 'ही बाई कोणाची बायको?' अशी आहेत आणि 'बाई, तुला काय वाटतं?' हे ना राजा विचारत, ना वेताळ. म्हणजे जुना वेताळही काही स्त्रीवादी नव्हता! पण निदान तो राजाला प्रश्न विचारायचा. नव्या वेताळाचं सगळं राज्य लोकांनी प्रश्न न विचारण्यावर उभं आहे. नाव तेच, काम नेमकं उलटं.

कथा थोडक्यात अशी. १५३६ साली समुद्री चाच्यांनी एका युरोपीय जहाजावर हल्ला केला. त्यातून वाचलेला एक जण किनाऱ्याला लागला. जंगलातल्या लोकांनी त्याला जगवलं. त्याने कवटीवर हात ठेवून शपथ घेतली, की मी आणि माझे वंशज चाचेगिरी, क्रौर्य आणि अन्याय यांच्याशी लढू. पुढे बाप गेला की मुलगा तोच पोशाख चढवतो, तीच अंगठी घालतो. जंगलातल्या लोकांना वाटतं, हा एकच माणूस आहे, चारशे वर्षं जिवंत आहे, मरतच नाही. आजचा वेताळ या रांगेतला एकविसावा.

चित्रपटाच्या बाजूने

आधी चित्रपटाच्या पदरात त्याचं माप टाकते. कथा १९३८ सालात घडते. झँडर ड्रॅक्स नावाच्या धनदांडग्याला जादूच्या तीन कवट्या एकत्र करून जगावर सत्ता गाजवायची आहे. त्याला अडवायला वेताळ निघतो. डायना पामर ही न्यूयॉर्कमधली तरुणी या कारस्थानाचा छडा लावण्यासाठी आपणहून एवढा लांबचा प्रवास करते. तिला पळवून नेतात तेव्हा ती मुळूमुळू रडत बसत नाही, तिला चार ठोसे लगावता येतात. दुसरी बाई साला. ही भूमिका कॅथरिन झेटा-जोन्सने केली आहे. साला वैमानिक आहे आणि बायकांच्या हवाई टोळीची म्होरकी आहे. शेवटी ती खलनायकाची साथ सोडून डायनाच्या बाजूने उभी राहते. एका बाईने दुसरीचा हात धरणं आणि त्यामुळे गोष्टीचं पारडं फिरणं हे १९९६ च्या हाणामारीच्या चित्रपटात सहज मिळणारं नव्हतं. आणखी एक. नायक मोकाट माणसं मारत सुटत नाही. आपल्या मुलांच्या मोबाइलवर आज जे येतं त्याच्या तुलनेत हा चित्रपट सोवळाच म्हणायचा. पैशाच्या हिशेबात तो आपटला, पण त्याचा आणि त्याच्या बऱ्यावाईटाचा काही संबंध नाही.

तेव्हा चित्रपट टाकाऊ आहे असं माझं म्हणणं नाही. माझं म्हणणं वेगळं आहे. दोन शूर बायका दाखवून चित्रपटाने आपली नजर त्यांच्यावर खिळवली आणि तेवढ्यात तिसरीला गायब केलं. ती तिसरी म्हणजे जंगलातली बाई.

पुन्हा बघा आणि मोजा. जंगलातल्या माणसांपैकी गुरन आहे, तो वेताळाचा विश्वासू. सुरुवातीला एक लहान मुलगा आहे. गुंड त्याला वाटाड्या म्हणून जबरदस्तीने नेतात आणि वेताळ त्याला वाचवतो. म्हणजे जंगलातल्या पुरुषाच्या वाट्याला सेवकाची भूमिका आली आणि पोराच्या वाट्याला वाचवलं जाण्याची. नावानिशी लक्षात राहील अशी जंगलातली एकही बाई नाही. ती काय खाते, कुठून पाणी आणते, तिला वेताळाबद्दल काय वाटतं, तिला साप चावला तर कोण धावतं, कशाचाच पत्ता नाही. शूर बाई व्हायला आधी न्यूयॉर्कहून यावं लागतं, हे त्या चित्रपटाचं न बोललेलं सूत्र आहे. मोहर्लीच्या मुलीने यातून कोणतं बळ घ्यायचं?

एकवीस पुरुषांची रांग

काही मैत्रिणी म्हणतील, चित्रपट सोड, मूळ चित्रकथेत डायना पुढे खूप मोठी होते. होते ना. ती ऑलिंपिकमध्ये सूर मारणारी जलतरणपटू आहे, संयुक्त राष्ट्रांत काम करते, १९७७ साली वेताळाशी लग्न झाल्यावरही तिची स्वतःची ओळख पुसली जात नाही. त्यांना जुळी मुलं होतात, मुलगा किट आणि मुलगी हेलॉइज. पण अंगठी कोणाच्या बोटात जायची, याचा नियम शतकानुशतकं ठरलेला आहे. बापाकडून मुलाकडे.

या रांगेत बाई एकदा शिरली होती. सतराव्या वेताळाची जुळी बहीण ज्युली. भाऊ जखमी होऊन पडला तेव्हा तिने त्याचा पोशाख चढवला आणि त्याचं काम केलं. उत्तम केलं. मग भाऊ बरा झाला आणि तिने पोशाख उतरवला. आपल्याकडच्या सरपंचबाईची आठवण होते की नाही? जागा राखीव झाली म्हणून बाई खुर्चीवर बसली, पाच वर्षं राबली, आरक्षण बदललं आणि घरच्यांनी सांगितलं, आता पुरे. बाईला काम जमतं, हे सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं असतं. तरी अंगठी तिची होत नाही.

त्याच इंद्रजालमध्ये १९७६ पासून आबिद सुरती यांनी लिहिलेला 'बहादूर' येऊ लागला. त्याच्या सोबतीची बेला मारामारीत त्याच्या बरोबरीने उतरायची, लग्नाचा शिक्का न मारता त्याच्याबरोबर राहायची. बहादूर अमर नव्हता, त्याच्याकडे शापित गुहा नव्हती. गावकऱ्यांना संघटित करून तो दरोडेखोरांशी लढायचा. म्हणजे वेगळी गोष्ट लिहिता येत होती, तीही त्याच छापखान्यात. पण हॉलिवूडने चित्रपट काढला तो अमर गोऱ्या पुरुषावर. आणि आपल्याही आठवणीत जास्त उरला तो वेताळच.

भूत पुरुषाचं, भूत बाईचं

आता मुख्य मुद्द्यावर येते.

वेताळाच्या बाजूने एक युक्तिवाद नेहमी केला जातो, आणि तो तल्लख आहे. वाचकाला तर पहिल्या पानापासून ठाऊक असतं की वेताळ भूत नाही, साधा माणूस आहे, बापामागून मुलगा एवढाच काय तो चमत्कार. म्हणजे ही चित्रकथा अंधश्रद्धेचा बुरखा फाडणारीच नाही का? एका अर्थाने आहे. पण बुरखा कोणासमोर फाटतो? शहरात बसून वाचणाऱ्यासमोर. बांडार टोळीची मोजकी माणसं सोडली तर जंगलातल्या बाकी सगळ्यांना अज्ञानातच ठेवलं जातं, कारण त्यांच्या अज्ञानावरच वेताळाची सत्ता चालते. 'जंगलातली जुनी म्हण' म्हणून जे काही सांगितलं जातं ते सगळं वेताळाबद्दल. जणू या माणसांना पाऊस, पीक, वाघ, सासू, बाळंतपण यांबद्दल सांगण्यासारखं काहीच नाही! वाचकाला गुपित कळल्याची गंमत वाटते, ती या माणसांना ते कळत नाही म्हणूनच वाटते.

चित्रपट तर आणखी एक पाऊल मागे जातो. त्यात कवट्यांची जादू खरीच निघते. त्यातून किरण निघतात, स्फोट होतात आणि वेताळाच्या अंगठीतली चौथी कवटी त्या सगळ्यांवर मात करते. मेलेल्या बापाचं भूत येऊन मुलाशी गप्पा मारतं, त्याला सल्ले देतं. मूळ कथेत 'हा भूत नाही, माणूस आहे' हा जो एक विवेकाचा धागा होता, तोही चित्रपटाने तोडून टाकला. चित्रपटाचं कौतुक करणाऱ्यांनी याचं उत्तर द्यायला हवं.

यावर कोणी म्हणेल, असू दे की भूत, चांगलं भूत आहे. इथेच माझं खरं दुखणं आहे. चांगलं भूत नेहमी पुरुषाचंच का असतं?

आपल्या लोकसमजुतींकडे पाहा. लढताना मेलेला पुरुष वीर होतो, त्याचा टाक देव्हाऱ्यात बसतो. वेताळ भुतांचा राजा असूनही गाव राखतो. बाळंतपणात मेलेली बाई मात्र हडळ होते. रस्ता नव्हता म्हणून, अंगात रक्त नव्हतं म्हणून, दवाखाना लांब होता म्हणून जी मेली, तिच्याबद्दल हळहळायचं सोडून गाव तिला घाबरतं. जखीण, डाकीण, चेटकीण ही सगळी नावं बाईचीच. पुरुषाच्या अंगात शक्ती आली तर तो रक्षण करणार, बाईच्या अंगात आली तर ती पोरं खाणार, असं आपण गृहीत धरून चालतो. आणि या गृहीतामुळे आमच्या भागात जितीजागती माणसं मारली जातात.

ऑगस्ट २०२१. चंद्रपूर जिल्ह्यातला जिवती तालुका, वणी खुर्द गाव. भानामती केल्याच्या संशयावरून दलित कुटुंबांतल्या वृद्ध स्त्री-पुरुषांना भर चौकात खांबांना बांधून मारलं गेलं. मे २०२४. शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यातला एटापल्ली तालुका, बारसेवाडा गाव. गावातल्या एका लहान मुलीच्या मृत्यूचं खापर जादूटोण्यावर फोडून एका बाईला आणि एका पुरुषाला मारहाण करून जाळण्यात आलं. पोलिसांनी ज्यांना अटक केली त्यांत त्या बाईचा नवरा आणि मुलगाही होता. हे वाक्य पुन्हा वाचा. तिला वाचवायला कोणी अमर पुरुष आला नाही, आणि ज्यांनी तिची पाठराखण करायची त्यांच्यावरच तिच्या खुनाचा आरोप आला.

या घटनांत पुरुषही बळी गेले आहेत, हे मी विसरलेले नाही. जादूटोण्याचा आळ दुबळ्यावर येतो, मग तो म्हातारा असेल, दलित असेल, भावकीत जमिनीच्या वादात एकटा पडलेला असेल. पण बाई, त्यातून विधवा, म्हातारी, एकटी, तोंडाने फटकळ, ही त्या आळाला सगळ्यांत सोपी सापडते. तिच्या दुबळेपणालाच गाव शक्ती म्हणतं आणि त्या शक्तीची शिक्षा तिला देतं.

आपल्या राज्यात याविरुद्ध कायदा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी खून झाला, त्यानंतर चारच दिवसांत अध्यादेश निघाला आणि डिसेंबर २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा मंजूर झाला. करणी केली, जादूटोणा केला असा आळ घेऊन कोणाला छळलं तर सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आणि पाच हजारांपासून पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. कायदा हातात आहे, त्याचा उपयोग होतो. पण कायदा घटना घडल्यावर गावात पोचतो. घटनेच्या आधी गावात काय पोचलेलं असतं? गोष्टी पोचलेल्या असतात. आजीच्या गोष्टी, मालिका, चित्रपट, मोबाइलवरचे तुकडे. मरण समजत नाही तेव्हा माणूस ज्या साच्यात विचार करतो तो साचा या गोष्टींनी घडवलेला असतो. म्हणून चित्रपटाची चर्चा हा रिकामटेकड्यांचा उद्योग नाही. ते आपल्या कामाचाच भाग आहे.

श्रद्धेच्या नावाने मी सरसकट बोटं मोडते आहे असं मात्र कोणी समजू नये. ताडोबा हे नाव ज्याच्यावरून पडलं तो तारू आमच्या भागातल्या आदिवासींचा देव आहे. तळ्याकाठी मोठ्या झाडाखाली त्याचं ठाणं आहे. वाघाशी झुंजताना मेलेला तो गावाचा प्रमुख होता, असं लोक सांगतात. तोही पुरुषच, पण त्याच्यात आणि चित्रपटातल्या वेताळात मोठा फरक आहे. तारू त्यांच्यातलाच होता आणि तो मेला, हे लोक लपवत नाहीत. त्याच्या मरणाची आठवण म्हणूनच तो देव आहे. वेताळ बाहेरचा आहे आणि आपलं मरण लपवूनच तो राज्य करतो. तारूच्या श्रद्धेशी माझं भांडण नाही. भांडण आहे ते माणसांना मुद्दाम अडाणी ठेवून त्याला रक्षण म्हणण्याशी.

जंगल कोण राखतं?

चित्रपटातल्या जंगलाला राखायला एक गोरा पुरुष लागतो. आमचं जंगल कोण राखतं ते सांगते.

उन्हाळा आला की पहाटेच्या अंधारात बाया मोह वेचायला निघतात, मग तेंदूपत्ता तोडायला. दुपारपर्यंत पानं घरी आणायची, पुडे बांधायचे, संध्याकाळी फळीवर मोजून द्यायचे. वाकून काम करणारी बाई वाघाला माणूस वाटत नाही, हे इथे लहान पोरालाही ठाऊक असतं. तरी जावं लागतं, कारण पावसाळ्याचं तेलमीठ त्यातूनच येतं. १० मे २०२५ रोजी सिंदेवाही तालुक्यात मेंढा (माल) इथल्या जंगलात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बाया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. त्याआधी २० नोव्हेंबर २०२१ रोजी ताडोबाच्या कोलारा भागात व्याघ्रगणनेच्या पूर्वतयारीसाठी पायी फिरणारी एक महिला वनरक्षक वाघिणीच्या हल्ल्यात मारली गेली. ती सरकारी नोकरीत होती, वर्दीत होती, आपलं काम करत होती. जंगलाची रखवाली करताना जीव गेलेली ती बाई. तिच्यावर कोणी चित्रकथा काढली?

याच मोहर्लीच्या दारातून पर्यटकांना जंगलात नेणाऱ्या बाया आहेत. वाघाचा माग, सांबराची हाक, माकडाचा इशारा त्यांना कळतो. हे ज्ञान जादूने आलेलं नाही, पायी फिरून आलेलं आहे. पण जिप्सीत बसलेल्या कितीतरी पाहुण्यांच्या डोक्यात जंगल म्हणजे वाघ, कॅमेरा आणि हॅट घातलेला पुरुष. त्या चौकटीत ही बाई 'सोबत आलेली' ठरते. अशी चौकट एका चित्रपटाने घडत नाही, पण 'द फँटम'सारख्या शंभर चित्रपटांनी घडते.

आणि रक्षणकर्त्याशिवाय जंगल चालतं का, असा कोणाला प्रश्न पडला असेल तर त्याने गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यात जावं. तिथल्या मेंढा (लेखा) गावाला वनहक्क कायद्याखाली २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. २०११ पासून ग्रामसभेने स्वतः बांबू विकायला सुरुवात केली. निर्णय सगळ्यांच्या सहमतीने घ्यायचे, हा त्या गावाचा शिरस्ता. तिथे मुखवटा नाही, गुहा नाही, अज्ञात सेनापती नाही. चित्रकथेतल्या जंगल पोलिसांना तर त्यांचा सेनापती कोण हेच माहीत नसतं, त्याचे हुकूम फक्त येऊन पडतात. वरून कागद येतो आणि आपल्याला जंगलात जायची बंदी होते, हा अनुभव असलेल्या बायांना ती व्यवस्था ओळखीची वाटेल. पण ती आपली वाटेल का? ग्रामसभेत निदान उभं राहून 'मला हे मान्य नाही' म्हणता येतं. तेही बाईला सहज म्हणू देत नाहीत, त्यासाठी झगडावं लागतं. पण झगडायला जागा आहे. वेताळाच्या जंगलात ती जागाच नाही.

मग बंदी घालायची का?

नाही. बंदीची भाषा आपली नव्हे. आणि 'हे तर मुलांचं मनोरंजन, त्यात एवढं काय शोधता' असं म्हणणाऱ्यांना मी एवढंच विचारते, की मनोरंजन म्हणून चालू असताना आपण जे शिकतो तेच सगळ्यात खोल उतरत नाही का?

अलीकडे हिंदीत भुताखेतांच्या चित्रपटांची लाट आली आहे आणि त्यात थोडं वेगळंही दिसतं. 'स्त्री' (२०१८) मध्ये पुरुष रात्री घराबाहेर पडायला घाबरतात. बायकांचं रोजचं भय पुरुषांच्या वाट्याला आलं की कसं वाटतं, हे हसत हसत सांगितलं गेलं. आदित्य सरपोतदार यांच्या 'मुंज्या' (२०२४) मध्ये एका मुलीवर हक्क सांगणारं हट्टी पोराचं भूत निदान खलनायक म्हणून समोर येतं, प्रियकर म्हणून नाही. पण 'स्त्री'मधल्या बाईलाही मान मिळतो तो मेल्यावर, आणि शेवटी तिलाच गावाच्या रक्षणाचं काम देऊन गाव मोकळं होतं. जिवंतपणी तिला न्याय मिळाला असता तर भूत व्हायची वेळच आली नसती, हे आपण मुलींना सांगायला हवं.

तेव्हा 'द फँटम' खुशाल दाखवा. पण 'सशक्त बायकांचा चित्रपट' असं लेबल लावून दाखवू नका. दाखवा आणि मुलींपुढे प्रश्न ठेवा. या जंगलातल्या बायका कुठे गेल्या? वेताळ मेला हे लोकांना सांगितलं तर काय बिघडेल, आणि कोणाचं बिघडेल? अंगठी मुलीला का मिळत नाही? गावात कोणी आजारी पडलं तर आपण आधी कोणाकडे बोट दाखवतो, आणि का? हा चौथा प्रश्न चित्रपटाबाहेरचा वाटेल. पण तिथवर पोचलो नाही तर मग चित्रपट दाखवण्याचा खटाटोप तरी कशाला?

आणि प्रश्नांवर थांबू नका. आपल्याकडे चित्र काढणाऱ्या मुली आहेत, गोष्ट सांगणाऱ्या आज्या आहेत, साधं छापण्याइतके पैसेही चार बचतगट मिळून उभे करू शकतात. तेंदूपत्ता तोडणाऱ्या बाईची, वनरक्षक बाईची, करणीचा आळ आलेल्या म्हातारीच्या दारात रात्रभर बसून तिला वाचवणाऱ्या शेजारणींची चित्रकथा आपणच काढायला हवी. तिच्यातली कोणीही अमर नसेल. जंगलात मरण खोटं बोलून लपवता येत नाही, आणि आमच्या बाया ते जाणूनच दुसऱ्या दिवशी पुन्हा जंगलात जातात. शूर कोणाला म्हणायचं, हे ठरवताना आधी त्यांच्याकडे बघू या.